मुद्देमाल सोडवायचा: पोलीस ठाण्यातून, कोर्टातून की निकालाची वाट पाहून?

माझी भाची नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात कामाला आहे. गेल्या पावसाळ्यात तिची मोपेड घरासमोरून चोरीला गेली आणि दीड महिन्याने पोलीस ठाण्यातून फोन आला, "गाडी मिळालीय, येऊन ओळखून जा." ती धावत गेली, गाडी ओळखली, चावी मागितली. तेव्हा हवालदार म्हणाले, "ताई, मुद्देमाल आहे तो. कोर्टाची ऑर्डर आणा. नाहीतर केसचा निकाल लागला की मिळेलच." ती तशीच माझ्याकडे आली. "मामा, अर्ज करू की थांबू? तोवर सिटीलिंकच्या बसनं जाते मी."

मी तिला थांबू दिलं नाही. २०१३ साली माझी मोटारसायकल अशीच चोरीला जाऊन चार महिन्यांनी सापडली होती, आणि "निकाल लागला की मिळेल" हे ऐकून मी घरी येऊन बसलो होतो. केस साडेतीन वर्षं चालली. गाडी तेवढे सगळे पावसाळे आवारात उघड्यावर उभी राहिली. हातात आली तेव्हा बॅटरी नव्हती, टायर चिरलेले होते, टाकी आतून गंजलेली होती. गॅरेजवाल्याने एक नजर टाकली आणि दुरुस्तीचा हिशेबही मांडला नाही. मधल्या काळात दोन पानांचा अर्ज करता आला असता, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. म्हणून हा आढावा सविस्तर लिहितोय. ज्यांची वस्तू आज ठाण्यात पडून आहे आणि काय करावं ते ठरत नाही, त्यांच्यासाठी.

आधी बघा, वस्तू कशात अडकली आहे

पोलिसांकडे असलेली प्रत्येक वस्तू एकाच कायद्याने अडकलेली नसते, आणि रस्ता निवडताना पहिली चूक इथेच होते.

नो पार्किंगमधून उचललेली गाडी दंड भरला की सुटते, त्यासाठी कोर्टात जाणं म्हणजे उगाच दिवस घालवणं. बेकायदा वाळू वाहतुकीत पकडलेला ट्रॅक्टर किंवा डंपर महसूल खात्याने जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली धरला असेल, तर त्याचा दंड आणि सुटका महसूल अधिकाऱ्यांकडे असते. आधी तहसील कार्यालयात चौकशी करायची. अशा वेळी ठाण्याच्या पायऱ्या झिजवणारे लोक मी पाहिले आहेत. गाडी ठाण्याच्या आवारात उभी दिसते, त्यामुळे माणसाला वाटतं की सोडणारेही तेच.

अपघातातल्या गाडीचं वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३६ सांगतं की तपासणीसाठी नेलेली गाडी सोपस्कार पूर्ण झाल्यावर चोवीस तासांच्या आत परत करावी. व्यवहारात आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी कधी होते यावर सगळं अडतं, म्हणून तपास अंमलदारांकडे पाठपुरावा तपासणीचाच करावा. मात्र गाडीला थर्ड पार्टी विमा नसेल आणि कोणी जखमी किंवा मृत झालं असेल, तर सुटका सोपी नाही. अशी गाडी भरपाईचं तारण दिल्याशिवाय सोडू नये असा नियम राज्यांनी करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. दिंडोरी रोडला द्राक्षाची पिकअप अपघातात धरली गेली, तर आतला माल गुन्ह्याचा पुरावा नसतो. तो त्याच दिवशी दुसऱ्या गाडीत भरू द्यावा, अशी लेखी विनंती ठाण्यातच करावी. द्राक्षं कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाहीत.

राहिला खरा मुद्देमाल, म्हणजे गुन्हा दाखल होऊन पंचनाम्याने जप्त झालेली वस्तू. चोरीची गाडी, दागिना, रोकड, मोबाइल. त्यासाठी तीन रस्ते आहेत.

ठाण्यातूनच

हा सगळ्यांत सोपा, पण सगळ्यांसाठी नाही.

मोबाइलचं उदाहरण घ्या. रामकुंडावर गर्दीत फोन पडला, तुम्ही "हरवला" अशी नोंद केली आणि सीईआयआर या सरकारी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टाकून फोन बंद करवला. (ही सोय मे २०२३ मध्ये देशभर सुरू झाली.) पुढे कोणीतरी त्यात सिम घातलं, माग लागला, पोलिसांनी फोन आणला. इथे गुन्हा दाखल नाही, आरोपी नाही, म्हणून ओळखपत्र, बिल किंवा खोका दाखवून आणि पावतीवर सही करून फोन ठाण्यातूनच मिळतो. तोच फोन कोणी हिसकावून नेला असेल आणि गुन्हा दाखल असेल, तर तो मुद्देमाल होतो आणि कोर्ट मध्ये येतं.

इथे एक मोह होतो. "कटकट नको, हरवला असंच लिहा" असं काही वेळा सुचवलं जातं. फोन लवकर मिळेल या आशेने लोक मान डोलावतात. माझं मत स्पष्ट आहे: चोरी झाली असेल तर चोरीच लिहा. विम्याचा दावा, पुढे त्या फोनवरून काही गैरप्रकार झाला तर स्वतःचा बचाव, हे सगळं त्या एका शब्दावर उभं असतं.

मुद्देमालातही ठाण्याच्या हातात काहीच नाही, असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६ पोलिसांना जप्तीची खबर ताबडतोब मॅजिस्ट्रेटना द्यायला सांगतं. त्याच कलमात पुढे असंही आहे की वस्तू कोर्टात नेणं सोयीचं नसेल, ठेवायला जागा नसेल किंवा तपासासाठी ती जवळ ठेवण्याची गरज उरली नसेल, तर बंधपत्र घेऊन ती कोणाच्या ताब्यात देता येते. वस्तू कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन, असं त्या बंधपत्रात लिहून द्यायचं असतं. पण कायद्यात "देता येते" असं आहे, "दिलीच पाहिजे" असं नाही. पुढे आरोपीच्या वकिलाने प्रश्न विचारला तर उत्तर आपल्याला द्यावं लागेल, म्हणून बहुतेक अधिकारी कोर्टाच्या ऑर्डरशिवाय हात लावत नाहीत. ते समजण्यासारखं आहे. तरी मागून बघायला पैसे लागत नाहीत. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नकार आला तरी ती पोच पुढे कोर्टात जोडायला होते.

जानेवारीत महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात बऱ्याच ठिकाणी फिर्यादींना मुद्देमाल परत देण्याचे कार्यक्रम होतात. वर्तमानपत्रात फोटो येतात, बायकांच्या हातात मंगळसूत्र परत पडताना पाहून बरं वाटतं. पण हा काही चौथा रस्ता नव्हे. तिथे मिळणारा बराचसा मुद्देमाल कोर्टाची परवानगी घेऊनच आलेला असतो. आपली वस्तू यादीत आहे का, एवढं विचारा. त्या कार्यक्रमाच्या भरवशावर आठ महिने बसू नका.

कोर्टातून, सुपूर्दनाम्यावर

सुपूर्दनामा म्हणजे कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करीन असं बंधपत्र देऊन वस्तू ताब्यात घेणं. चोरीच्या गाडीसाठी मी डोळे झाकून हाच रस्ता सांगेन.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली. जुन्या अर्जांत ४५१ आणि ४५७ ही कलमं दिसतील, ती आता ४९७ आणि ५०३ झाली आहेत. वस्तू कोर्टापुढे हजर झाली असेल तर ४९७, नुसती जप्तीची खबर कोर्टाला गेली असेल तर ५०३. वकील बहुधा दोन्ही लिहितात आणि त्यात काही बिघडत नाही. नव्या ४९७ मध्ये मुदतीही आल्या आहेत. वस्तू हजर झाल्यापासून चौदा दिवसांत कोर्टाने तिचं वर्णन तयार करायचं, फोटो आणि गरज पडल्यास चित्रीकरण करून घ्यायचं, आणि त्यानंतर तीस दिवसांत वस्तू कोणाला द्यायची किंवा तिचं काय करायचं याचा आदेश द्यायचा. ते वर्णन आणि फोटो पुढे पुरावा म्हणून चालतात. म्हणजे "खटल्यात गाडी दाखवावी लागेल, म्हणून सोडता येत नाही" हे कारण आता कायद्यानेच काढून टाकलं आहे.

हा विचार तसा नवा नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात २००२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की वस्तू ठाण्यात फार तर पंधरा दिवस ते महिनाभर राहावी, आणि गाड्या आवारात सडत ठेवण्यात काहीच अर्थ नाही. योग्य बंधपत्र आणि हमी घेऊन त्या द्याव्यात. माझी गाडी चोरीला गेली त्याच्या अकरा वर्षं आधी हे लिहिलेलं होतं, हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

प्रत्यक्षात काय करायचं? फिर्यादीची (एफआयआरची) प्रत तुमच्याकडे हवीच, ती फिर्यादीला फुकट मिळते. जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. आरसी, विमा, आधार आणि गाडीचे जुने फोटो जोडा. ठाण्यातून गुन्हा क्रमांक आणि मुद्देमाल नोंदवहीतला क्रमांक लिहून घ्या, आणि ठाण्याची हद्द कोणत्या कोर्टाकडे आहे तेही तिथेच विचारा. नाशिकमध्ये सगळेच सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जातात असं नाही. नाशिकरोडला वेगळं न्यायालय आहे आणि ग्रामीण भागात निफाड, सिन्नर, दिंडोरी, मालेगाव अशी तालुक्याची न्यायालयं आहेत. भाचीचा पहिला दिवस चुकीच्या इमारतीत गेला.

अर्ज दाखल झाला की कोर्ट सरकारी वकिलांचं आणि तपास अंमलदाराचं म्हणणं मागवतं. कोर्टात याला सगळे "से" म्हणतात. उशीर बहुतेक याच "से"वर होतो. दर तारखेच्या आधी दोन दिवस ठाण्यात जाऊन "साहेब, से तयार आहे का" असं नम्रपणे विचारणं, हे मी भाचीला शिकवलं आणि ते कामाला आलं. "तपास पूर्ण आहे, हरकत नाही" असं लिहून आलं की आदेश अवघड नसतो. आरोपीला नोटीस निघाली तर आणखी एक तारीख लागते.

आदेशात अटी असतात आणि त्या वाचूनच सही करावी. ठरलेल्या रकमेचं बंधपत्र, कधी जामीनदार. गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, इंजिन आणि चासी क्रमांकाला हात लावायचा नाही, कोर्ट बोलावेल तेव्हा हजर करायची. निकालापर्यंत तुम्ही गाडीचे मालक असलात तरी कोर्टाच्या वतीने तिचे राखणदार असता. वर्षभरात गाडी विकायचा बेत असेल, तर हा बंधनाचा भाग नीट तोला. विकायचीच असेल तर कोर्टाची परवानगी मागता येते.

दोन ठिकाणी हा रस्ता अडतो. गाडी सेकंडहँड घेतली पण आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर कोर्ट नोंदणीकृत मालकाकडे बघतं. त्याचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणा किंवा त्यालाच अर्जदार करा. दुसरं, चोरीचा विमा दावा मंजूर होऊन पैसे मिळाले असतील, तर गाडी आता विमा कंपनीची. पोलिसांनी तपास न लागल्याची ए समरी पाठवली, तुम्ही दावा केला आणि नंतर गाडी सापडली, तर कंपनीला कळवणं तुमच्यावर आहे. दोन्हीकडून घ्यायला गेलेला माणूस स्वतः आरोपी होऊ शकतो.

गाडी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात धरली गेली असेल तर ती सुटतच नाही, असा समज अजून आहे. जानेवारी २०२५ मध्ये बिश्वजीत डे विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या कायद्यात गाडी अंतरिम ताब्यात देण्यावर सरसकट बंदी नाही. मालकाचा गुन्ह्याशी संबंध आहे का, हे बघितलं जातं. अशा अर्जाला मात्र जाणता वकील हवाच.

निकालाची वाट पाहून

कलम ४९८ प्रमाणे तपास किंवा खटला संपला की वस्तू कोणाला द्यायची हे कोर्ट ठरवतं. बंधपत्र घेऊन द्यायची वस्तू, जनावरं आणि नाशवंत माल सोडले, तर त्या आदेशाचीही दोन महिने अंमलबजावणी होत नाही. अपील झालं तर ते संपेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे निकालाचा दिवस हा वस्तू मिळण्याचा दिवस नसतो.

तरी काही वेळा हाच रस्ता बरोबर असतो. वस्तूच वादाचं मूळ असेल, म्हणजे बनावट म्हणून जप्त झालेला दस्त किंवा रक्ताचे डाग असलेले कपडे, तर आधी मिळण्याची आशा थोडी. दोन माणसं एकाच वस्तूवर हक्क सांगत असतील तर फौजदारी कोर्ट फक्त ताब्याचं बघतं, मालकीचा खरा निवाडा दिवाणी कोर्टात होतो. आणि वस्तू इतक्या कमी किमतीची असेल की वकिलाची फी जास्त पडेल, तर थांबण्यात शहाणपण आहे. पण गाडीच्या बाबतीत यातलं काहीच लागू होत नाही. गाडी उभी राहिली की मरते.

दागिना, रोकड, फोन

सोन्याला गंज लागत नाही. म्हणून लोक म्हणतात, सोनं राहू द्या, निकालानंतर घेऊ. मला ते पटत नाही. १९७७ च्या बसव्वा विरुद्ध म्हैसूर राज्य या प्रकरणात परत मिळालेले दागिने पोलिसांच्या ताब्यातून नाहीसे झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्यांची किंमत द्यायला लावली, पण त्या बाईला तिचे दागिने काही मिळाले नाहीत. सुंदरभाई निकालातही दागिन्यांचं सविस्तर वर्णन, फोटो आणि बंधपत्र घेऊन ते परत द्यावेत असंच आहे.

अडचण ओळख पटवण्याची असते. चोरलेलं मंगळसूत्र बऱ्याचदा वितळवलेलं असतं आणि पोलिसांच्या हाती लागते ती लगड. चार फिर्यादींचं सोनं एकाच लगडीत गेलं असेल, तर फिर्यादीत लिहिलेलं वजन हाच तुमचा आधार. घाबरलेल्या अवस्थेत "अंदाजे दीड तोळा" लिहून येतो आपण. बिल सापडलं की लगेच पुरवणी जबाब देऊन ते वजन दुरुस्त करून घ्या. सासूबाईंकडून आलेल्या दागिन्याला बिल कुठून असणार? तिथे लग्नाचे फोटो, सराफ बाजारातल्या ज्या पेढीत तो घडवला किंवा पॉलिश केला तिचा दाखला आणि घरातल्यांचं प्रतिज्ञापत्र उपयोगी पडतं. सोन्याचा भाव चढा असल्याने बंधपत्राची रक्कम मोठी निघते, तेवढी तयारी ठेवा.

रोकड नोटांचे क्रमांक नोंदवून आणि फोटो काढून परत देता येते. गोठवलेलं बँक खातंही कायद्याच्या नजरेत मालमत्ताच आहे, हे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. त्यामुळे खातं मोकळं करायचा अर्जही मॅजिस्ट्रेटपुढेच करता येतो.

फोन तुमच्याकडून पुरावा म्हणून घेतला असेल तर चित्र बदलतं. तो न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल येईपर्यंत कोर्ट सहसा देत नाही. तिथे अर्जाची घाई करण्यापेक्षा फोन प्रयोगशाळेत कधी पाठवला हे विचारत राहा, कारण कित्येकदा तो अजून ठाण्याच्या कपाटातच असतो. पासपोर्टबद्दल एवढंच की पोलीस तो जप्त करू शकतात, पण अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट प्राधिकरणाचा आहे. सुरेश नंदा प्रकरणात २००८ साली हे स्पष्ट झालं.

वकील की स्वतः?

अर्ज स्वतः करता येतो. आरसी तुमच्या नावावर, फिर्यादी तुम्हीच, विमा चालू, हरकत कोणाची नाही, अशी सरळ केस असेल तर जमतं. पण नोकरी सांभाळून तीन-चार तारखांना उभं राहणं आणि बंधपत्राचे सोपस्कार उरकणं सोपं नाही. भाचीने वकील केला आणि फी आधीच पूर्ण ठरवून घेतली, "तारखेप्रमाणे" नाही. तिला नंतर कळलं की तिला विनामूल्य वकीलही मिळू शकला असता. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलेला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा.

अर्ज फेटाळला तर नव्वद दिवसांत सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो. त्याआधी फेटाळण्याचं कारण वाचा. "तपास चालू आहे" एवढंच असेल, तर दोषारोपपत्र दाखल झाल्यावर नवा अर्ज करणं जास्त स्वस्त पडतं.

जी व्यक्ती नाशिकबाहेर राहते तिच्यासाठी हिशेब थोडा बदलतो. सिंहस्थात किंवा नुसतं त्र्यंबकेश्वरला आलेल्या जळगावच्या माणसाचं पाकीट आणि साधा फोन गेला असेल, तर प्रवासखर्चातच वस्तूची किंमत निघून जाते. त्याने निकालाची वाट पाहिली तरी चालेल, फक्त ठाण्याकडे आपला पत्ता आणि नंबर ताजा ठेवावा. मालक कळला नाही तर कोर्ट जाहीरनामा काढतं, आणि सहा महिन्यांत कोणी हक्क सांगितला नाही तर वस्तू सरकारजमा होऊन विकली जाऊ शकते. गाडी गेली असेल तर मात्र जळगावहूनही यावं.

भाचीला आदेश मिळायला पाच आठवडे लागले. ताबा घ्यायला आम्ही दोघं गेलो. तिथे घाई करायची नाही, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. पंचनाम्यात लिहिलेली गाडी आणि समोर उभी असलेली गाडी ताडून पाहिली. एक आरसा नव्हता, स्टेपनी नव्हती. ताबेपावतीवर ते लिहूनच सही केली. आदेशाच्या प्रमाणित प्रतीची झेरॉक्स आरसीच्या पाकिटात ठेवली, कारण चोरीला गेलेली म्हणून नोंद असलेली गाडी नाकाबंदीत अडवली जाऊ शकते. घर बदललं तर कोर्टाला नवा पत्ता कळवायचा, हे तिने फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवलंय. केस अजून चालू आहे. निकाल लागेल त्या दिवशी बंधपत्र रद्द करून घ्यायचा अर्ज द्यायचा आहे, त्याचा मसुदा मी आत्ताच करून ठेवला आहे.